तहकूब सभेचा ठराव

३ जुलै
ग्रा.पं.चा अजेंडा आला. शिपाई सही घेऊन गेला. पहिले तीन विषय नेहमीचेच. चौथा: गाव तलावाचा मासेमारीचा ठेका पुढील वर्षापासून जाहीर लिलावाने देण्याबाबत. दोनदा वाचलं. चहा सांडला.

तलाव आजवर ढिवरांच्या मच्छीमार संस्थेकडे, म्हणजे आमच्या वस्तीकडे, टोलीकडे. सासऱ्यांनी त्यात जाळं टाकलं, आता हे टाकतात. लिलाव झाला की बाहेरचा ठेकेदार येणार आणि आमची माणसं आमच्याच तलावात त्याच्या रोजीनं जाळं ओढणार. सरपंच वासुदेवजी म्हणतात, "पंचायतीले उत्पन्न पायजे का नाही?" पाहिजे ना. आमच्याच ताटातलं पाहिजे, एवढंच.

मतं मोजली. एक जागा जातपडताळणीत गेली, रिकामीच आहे. सरपंच धरून सात उरतो. सरपंच, सुमनबाई, पांडुरंग हे तीन तिकडे. मी, हिरालाल भाऊ, भोजराम काका आणि उपसरपंच प्रमिलाताई हे चार इकडे. चार म्हणजे ठराव पडला. तरी जेवताना पुन्हा मोजत बसले. हे म्हणाले, "मोजल्यानं मतं वाढत नाही."

प्र.ला फोन. "घाबरू नोको वं, मी हावो ना." तिनं म्हटलं की मला पुरतं. निवडणुकीला तिनंच उभं केलं मला. पहिल्या सभेत हात कधी वर करायचा हेही कळत नव्हतं, तेव्हा टेबलाखालून गुडघ्याला ढोसून सांगायची.

५ जुलै
भोजराम काका आडवे. पित्ताशयात खडे. मुलानं नागपूरला नेलं, ऑपरेशन करावं लागेल म्हणतात. सभेला येणं नाही.

म्हणजे तीन-तीन. आणि बरोबरी झाली की अध्यक्षाचं जादा मत. सरपंच एकदा स्वतःचं देणार, एकदा खुर्चीचं. एका माणसाला दोन मतं कशी, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

तडक प्र.च्या घरी गेले. ती टेकडीवरच्या टोलीत राहते, चढता चढता दम लागतो. तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून विचार केला तिनं. म्हणाली, "मत पडूच नाही द्यायचं. गणपूर्तीले चौघं लागतात. विषय निंगाला का आपण तिघं उठून जायचं. उरले तीन. सभाच नाही होत मंग. काका येतपर्यंत तलाव तिथंच."

इतकं सोपं. मला सुचलं नाही ते नाहीच. कायदा तिला तोंडपाठ आणि मला अजून "इतिवृत्त" म्हणताना जीभ अडते.

७ जुलै
झालं!!

ग्रामसेवकांनी चौथा विषय वाचला. प्र. उभी राहिली. "या विषयाचा निषेध म्हनून आमी तिघं सभात्याग करतो." सभात्याग! मी आणि हिरालाल भाऊ तिच्यामागे. भाऊंची खुर्ची पडली, उचललीसुद्धा नाही. सरपंचाचं तोंड पाहण्यासारखं.

बाहेर आलो तर प्र. नाही. चपला सापडेनात म्हणून मागे राहिली होती. थोड्या वेळानं आली. "सभा तहकूब मनलं त्यायनं." मग चौकात भजी. भाऊ इतके खूष की भज्यासोबत मिरचीही माझ्या पुढ्यातली खाल्ली.

८ जुलै
टोलीभर बातमी. शेजारच्या काकूंनी झिंगे पाठवले, सोलून. मला आता मेंबरीनबाई म्हणतात, आजवर नुसती कुंदा होते.

हे म्हणतात, "तहकूब म्हंजे रद्द का?"
"नाही, थांबलं."
"कधीवर?"
मला माहीत नव्हतं. प्र.ला विचारलं. "रोवणीच्या दिवसात कोन सभा घेते वं? पोळ्याच्या तोंडावर पाहू." ह्यांना तसंच सांगितलं. ह्यांचं समाधान होत नाही कधीच.

११ जुलै
आमच्या दोन बांध्यांत धानाची रोवणी आज झाली. वाफ्यातले पऱ्हे पिवळे पडायला लागले होते, हाताशी बाया नव्हत्या, कोणाकोणाला बोलवावं या विवंचनेत होते, तर सकाळीच प्र. दारात. लुगडं खोचून. "चाल, कोनती बांधी आधी?" उपसरपंचबाई माझ्या चिखलात! हिरालाल भाऊ चिखलणीला आलेच होते.

दिवसभर ती माझ्या बाजूला. रोवता रोवता गाणी. तिचा आवाज काय लागतो! माझ्यापेक्षा भराभर रोवते, टेकडीवर राहून. दुपारी बांधावर भात आणि झिंग्यांची भाजी. मी म्हटलं, ताई, पंचायतीत जाऊन यायचं होतं जरा, नळाच्या अर्जाचं पाहायला. "जाशील उद्या. चिखलाच्या पायानं कुठी जातं?" खरंच होतं.

संध्याकाळी तिला थोडे झिंगे बांधून दिले. इतकं बरं वाटलं आज. सख्खी बहीण असती तर याहून काय केलं असतं तिनं.

१२ जुलै
चक्कीवर पांडुरंग भेटला. "काल ठराव झाला ना बाई तलावाचा."
मी म्हटलं, कोणता ठराव.

पीठ तिथंच ठेवून पंचायतीत गेले. बोर्डावर नोटीस आहे. तहकूब सभा, ११ तारीख. आमच्या सदस्यांच्या ग्रुपवर रोज सुप्रभातची फुलं येतात, ही नोटीस नाही आली.

ग्रामसेवकांना विचारलं, तीन जणांनी ठराव कसा केला? गणपूर्ती कुठे होती? त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तहकूब झालेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही. तेच विषय घेता येतात. दोघं असते तरी चाललं असतं."
"आम्हाला नोटीस?"
"तारीख त्या दिवशी सभेतच जाहीर केली. तुम्ही निघून गेल्या होत्या."

म्हणजे आम्ही उठलो आणि तलाव टेबलावर ठेवून आलो. तारीख कळली असती तर काल भोजराम काकांना गाडीत घालून आणलं असतं, टाके घातलेल्या पोटानं आले असते ते. पीठ आणायचं राहिलंच.

१३ जुलै
प्र. आली. तिला मीच काल फोन केला होता, रडत. माझ्या पाठीवर हात फिरवत बसली. "मले का माहीत वं, तहकूब सभेले गणपूर्ती नाही लागत मनून." मीच तिला म्हटलं, ताई, तुमचा काय दोष. आपण दोघीही फसलो.

हे बाहेर जाळं शिवत होते. आत आले नाहीत. चहाही बाहेरच घेतला.

१८ जुलै
सानगडीचा बाजार. मिरच्या घेत होते तर बाजूला सुमनबाई. ती सरपंचाच्या बाजूची, तरी बाई वाईट नाही. म्हणाली, "तुमी त्या दिवशी काहून नाही आल्या जी? आमाले वाटलं येता."
"तारीखच माहीत नव्हती."
ती माझ्याकडे पाहतच राहिली. "असं कसं? प्रमिलाबाईसमोरच तर सांगितली सरपंचानं. ते चपला घालून राहिली होती दारात. सरपंच मनले, अकरा तारखेले, दुपारी. तिनं मान हालवली."

मी म्हटलं, तिनं ऐकलं नसेल. माझ्या पिशवीत दोन मिरच्या जास्तीच्या टाकल्या सुमनबाईनं, तिच्या पैशानं.

१९ जुलै
अकरा तारखेला, दुपारी. दुपारी ती माझ्या बाजूला होती. गात होती.

काही सुचत नाही. भात करपला.

२० जुलै
गेले. टेकडी चढताना दम लागला नाही आज.

ती अंगणात होती. तोंड पाहूनच समजली. नाही म्हणाली नाही, हे तरी बरं. "हो. आयकली व्होती तारीख."
"काहून ताई?"

तिनं हात दाखवला, उतारावरच्या पायवाटेकडे. खालच्या विहिरीवरून बाया वर येत होत्या, डोक्यावर पाण्याची गुंडी, कंबरेवर गुंडी. "तुमच्या टोलीत हातपंप हाये. तलाव हाये. आमाले का हाये? माह्या सुनेचं काय झालं, तू व्होती ना दवाखान्यात?" होते. वैशाखात तिची सून त्याच उतारावर भरल्या गुंडीसकट घसरली, पाचवा महिना होता. मीच रात्रभर बसले होते तिच्यापाशी. "सरपंच मनले, तलावाले आडवी नोको येऊ, नळाचा पाइप पह्यले तुया टोलीत."

मी म्हटलं, मला सांगायचं होतं. मी पाण्यासाठी तुमच्या बाजूनं उभी राहिले असते.
"तलाव सोडला असता तू?"
मी उतारावरच्या बायांकडे पाहिलं.
"पाय, नाही ना."

ते एक वेळ जाऊ दे. मी विचारलं, रोवणीला कशाला आली होती? तिनं सांगितलं, सरळ. "तू घरी रायली असती त पंचायतीत गेली असती. बोर्ड वाचला असता." आणि वर, "पऱ्हे त लावाचेच व्होते ना तुले."

आजपासून या वहीत तिचं नाव लिहायचं नाही. उ.स. म्हणजे उपसरपंच. तेवढंच लिहीन.

२१ जुलै
बांधीवर गेले होते. तिनं लावलेली ओळ सगळ्यात सरळ आहे. उपटून टाकावीशी वाटली. हे म्हणाले, "धानाचा का दोष?"

मग बांधावर बसून हे पहिल्यांदा बोलले या विषयावर. "टोलीत मानसं मनतात का कुंदा मिळालेली हाये त्यायले. तिनंच उठवून आनलं मनतात सभेतून." मला वाटलं होतं लोक मला बिचारी म्हणत असतील. लोक मला चोर म्हणतात. शेजारच्या काकूंकडून त्यानंतर झिंगे आले नाहीत, हे मला आज लक्षात येतंय.

२९ जुलै
मासिक सभा. भोजराम काका आले, काठी टेकत. पहिला विषय: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी उठले, हे इतिवृत्त आम्हाला मान्य नाही! ग्रामसेवक म्हणाले, "बाई, कायम करणं म्हणजे त्या दिवशी जे झालं ते बरोबर लिहिलंय एवढंच. ठराव मान्य-अमान्य हा प्रश्न इथं नाही."
"मग माझा विरोध लिहा."
"विरोध त्या सभेला हजर असणाऱ्याचा लिहितात."

काय नियम आहेत! बाहेर असलात तर बाहेरच. सरपंच मिशीत हसले. उ.स. समोरच्या भिंतीकडे पाहत होती. टेबलाखाली माझा गुडघा मी लांब घेतला.

सभा संपल्यावर ग्रामसेवकांना गाठलं. ठराव फिरवायला काय लागतं? तीन महिन्यांच्या आत असेल तर दोन तृतीयांश. तीन महिन्यांनंतर साधं बहुमत. लिलाव हिवाळ्यात. म्हणजे मधे थोडीशी फट आहे. फटीतून काय जाईल कुणास ठाऊक.

१५ ऑगस्ट
ग्रामसभा. आमची अख्खी टोली आली, बायासुद्धा, पोरं कडेवर घेऊन. ह्यांनी भाषण केलं! मी ह्यांना लग्नात इतकं बोलताना ऐकलं नाही. "तलाव गावचा हाये, आमी का परगावचे हावो?" टाळ्या.

सरपंच शांत. "ग्रामसभेच्या भावना पंचायतीले कळवल्या जातील." पंचायत म्हणजे तेच. स्वतःच्या भावना स्वतःला कळवायला किती दिवस लागतील म्हणे?

एक झालं, काकू जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

पोळ्याचा दुसरा दिवस
तान्हा पोळा. पोरांचे लाकडी बैल पाहत पाहत टेकडीच्या खाली गेले, तर वरून ओरडा. नळ सुरू झाला उ.स.च्या टोलीत. अर्ध्याच घरांना आला आहे, बाकीच्यांचा पाइप रस्त्यावर पडून. बाया नळाला हळदकुंकू लावत होत्या.

तिची सून नळाखाली बादली लावून बसली होती, पाटावर, आरामात. मला पाहून उठली. "काकू, चहा घ्या ना." मी घाई आहे म्हटलं. कसली घाई?

त्या पोरीला बसलेली पाहून मला आनंद झाला. आनंद झाला याचाच मग दिवसभर राग येत राहिला. उ.स. दारात होती. दोघींनी एकमेकींना पाहिलं. कोणी हात केला नाही.

६ ऑक्टोबर
मी, हिरालाल भाऊ, भोजराम काका, तिघांनी मिळून विषय दिला: तलावाचा ठराव रद्द करणे. या महिन्याच्या सभेपर्यंत तीन महिने उलटतात. सरपंचांनी लगेच घेतला. का नाही घेणार? त्यांचे तीन आणि उ.स. मिळून चार, आम्ही तीन. त्यांनी चहासुद्धा पाजला.

हे विचारतात, हरणार आहे तर कायले? मी म्हटलं, यावेळी हजर राहून हरायचंय. विरोध लिहून घ्यायचाय माझा.

१४ ऑक्टोबर
सरपंच भंडाऱ्याला भरती. डेंग्यू. सभा पुढे ढकलणार नाहीत, त्यांनी निरोप पाठवला म्हणे, "प्रमिलाबाई पायतील."

म्हणजे खुर्चीवर ती. भाऊ सकाळीच सायकल घेऊन आले, धापा टाकत. हिशेब त्यांनीच मांडला. आम्ही तीन, ते दोन. तिनं हात वरच केला नाही तर ठराव रद्द. केला तर तीन-तीन आणि खुर्चीचं जादा मतही तिचंच. सगळं तिच्या हातात. भाऊ म्हणाले, "जाऊन भेट तिले. दोन शब्द गोड बोल."

नाही गेले. टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेले होते.

१६ ऑक्टोबर
पंचायतीतच बसून लिहितेय. जेवणाची सुटी.

नियमाप्रमाणे मला उभं राहून "अध्यक्षबाई, परवानगी असावी" म्हणावं लागलं. म्हटलं. ती "बोला" म्हणाली, मला पहिल्यांदा अहोजाहो. मी बोलले. तलाव, संस्था, सासरे, सगळं. बाकीही बोलले. तहकूब सभा कशी झाली, आम्ही कसे बाहेर राहिलो. रोवणीचं नाही बोलले. ते सभेचं नव्हतं.

मग मत. "रद्द करण्याच्या बाजूनं?" आमचे तीन हात. "विरोधात?" सुमनबाई, पांडुरंग. सगळे खुर्चीकडे पाहायला लागले. तिचे दोन्ही हात टेबलावर.

मग म्हणाली, "अर्ध्या टोलीले अजून नळ नाही आला. ठराव रद्द झाला का सरपंच उद्या पाइप उचलून नेतील. त्यायनं सांगूनच ठेवलं हाये मले." ग्रामसेवकांनी विचारलं, हे लिहायचं का. "नोका लिहू." आणि माझ्याकडे वळली. अहोजाहो गेलं. "कुंदा, तू या खुर्चीवर असती त का केलं असतं?"

भाऊ मागून, "मन ना वं, तलाव मन!" भोजराम काका खोकले. मला एकदम त्या उतारावरच्या बाया दिसल्या, आणि आमच्या घरातलं सुतळीला टांगलेलं जाळंही. तलाव म्हणायला एक शब्द लागतो. तो आला नाही. तीन महिने मी तिला मनातल्या मनात इतकं सुनावलं, आणि आज तिनं विचारलं तर माझ्यापाशी काही नाही.

ती म्हणाली, "जेवून घ्या सगळे. मंग मी मत देतो."

सगळे घरी गेले. मी गेले नाही. तीही गेली नाही. मी डबा आणला नव्हता. तिनं तिच्या डब्याच्या झाकणात भात काढला, वर भाजी, आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला. प्रमिलाताईच्या हातची वांग्याची भाजी. मला तिचा राग आहे. तो गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. मी खाल्लं नाही. परत सरकवलंही नाही.

पांडुरंग आला. सुमनबाई आल्या. भाऊ काकांना हात धरून पायरी चढवत आहेत. ग्रामसेवक खुर्चीकडे वळून तिला विचारतात, बाई, सुरू करायचं का?